‘ग्रेस अ‍ॅन’चे पांढरे दोरे

इन्व्हरलॉय
३ मार्च २००४

प्रिय गिबी,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडता शेगडीत टाकलं नाहीस, एवढं झालं तरी पुष्कळ. दर ख्रिसमसला तुला कार्ड पाठवत आले. तुझ्याकडून काय ते एकदाच आलं, आई गेली तेव्हा, आणि त्यावर टास्मानियातला पत्ता आणि तुझं नाव एवढंच. बाकी कोरं. असो, मी भांडायला बसलेली नाही.

येत्या नोव्हेंबरात ‘ग्रेस अ‍ॅन’ बुडाली त्याला पंचवीस वर्षं होतील. गावाने समिती काढली आहे. तिच्यावर लॉरीची मिना अध्यक्ष. लॉरी, बोटीचा स्किपर, जाऊन इतकी वर्षं झाली तरी स्किपरच्या बायकोचा हुकूम चालतोच. मिना म्हणाली, दगडी खांब नको, खाऱ्या वाऱ्याने दहा वर्षांत नावं पुसली जातात. त्यापेक्षा बोटीच्या नावाचं टार्टन करू, चौकटींच्या नक्षीचं लोकरी कापड. त्याचं एक कापड चर्चमधल्या मृतांच्या नावांच्या पुस्तकाखाली अंथरायचं आणि बुडालेल्यांच्या घरी एकेक शाल द्यायची. आणि नक्षी काढायची इनाने. एक तर मी गिरणीतली नक्षीकार, वर वॉटीची विधवा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुधात साखर.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार होते?

नावांची यादी वाचली. लॉरी, त्याचे दोन मुलगे, तिघं पलीकडच्या आळीतले आणि माझा वॉटी. सात जण. मग तुझं नाव निघालं, जसं नेहमी निघतं तसं. इथे अर्ध्या गावाचं आडनाव काउई, त्यामुळे घरोघर टोपणनावाशिवाय भागत नाही. तुझं ‘झोप्या’ पडलं ते तू जायच्या आधीच. पण तुला हे माहीत नसेल, की आईच्या शवपेटीमागून चालताना माझ्या पुढच्या दोन बायका म्हणत होत्या, झोप्याची आई गेली बिचारी. गावाच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. गिबी पिऊन पडला, वेळेवर उठला नाही, म्हणून लॉरीने धक्क्यावरून वॉटीला बोटीवर घेतलं आणि वॉटी गेला. माझ्यासमोर हे बोलताना लोक आवाज खाली करतात, माझा मान ठेवायला. आणि मीही मान खाली घालते.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही.

तुझी बहीण,
इना

२१ एप्रिल २००४

प्रिय गिबी,

तू विचारलं नाहीस, तरी रंगांचं सांगते. आपल्या घरात नक्षीबद्दल माझ्याशी कधी कुणी बोललं असेल तर तूच.

समितीला निळा हवा होता, दुकानातल्या चित्रांतल्या समुद्रासारखा. मी म्हटलं, नोव्हेंबरात आपला समुद्र निळा पाहिलेला माणूस मला आणून दाखवा. शेवटी पाटीच्या दगडासारखा करडा घेतला, त्यात किंचित हिरवट झाक. त्याच्या दोन्ही अंगांना डांबराचा काळा. मग काताचा तांबूस पट्टा, आजोबांच्या वेळी शिडं कातात बुडवून काढायचे ना, तो. मिनाला लाल पाहिजे होता. लाल घातला तर सैन्याचं कापड दिसेल म्हटल्यावर गप्प बसली. आणि मधोमध माणसांसाठी पांढरा, माणशी एक दोरा. हे सगळं उभ्या ताण्यात जसं, तसंच आडव्या बाण्यात. पांढऱ्यावर पांढरं आलं की तिथे लख्ख चौकोन उमटतो, आणि नक्षी त्या पांढऱ्यापाशी वळून आली त्या वाटेने परत जाते. चांगली झाली आहे. स्वतःच्या तोंडाने सांगते, पण वीस वर्षांत इतकी चांगली काढली नव्हती.

घोटाळा एकच. माणसं सात आणि आमच्या गिरणीत विषम दोरे कुणी भरत नाही. फणीच्या एकेका घरात दोरे जोडीने जातात, आणि आमचा हेक्टर टॉश, मागांचा मुकादम, विषम आकडा पाहिला की त्याच्या पोटात दुखतं. त्याने माझा कागद परत पाठवला. म्हणाला, सहा कर नाहीतर आठ, सात माझ्या मागावर चढणार नाही, बाकी तू आणि तुझी समिती बघा. मी आठ लिहिले. सहा लिहून कुणाला वगळणार होते? कुणी मोजत बसत नाही, असं हेक्टर म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

तसंच वाटलं, असं लिहिलं खरं. आठाचा आकडा काढताना हात क्षणभर थांबला होता.

इना

९ जून २००४

गिबी,

मोजले. मिनानेच मोजले.

शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत नमुना घेऊन गेले. सगळ्यांना आवडला. पाद्रीसाहेबांनी तर कापडावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मिनाने चष्मा लावला, केसांतली पिन काढली आणि टोकाने एकेक दोरा बाजूला करत गेली. आयुष्यभर जाळी विणली आहेत तिने, तिची नजर चुकायची नाही. आठवर आली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा आठ.

“आठवा कोण, इना?”

मी गिरणीचा नियम सांगितला. हेक्टरचं नाव घेतलं, फणी, जोड्या, सगळं सांगितलं. मला वाटतं मी जरा जास्तच सांगितलं. खोलीत कुणी चहाचा कप खाली ठेवेना. मग पलीकडच्या आळीतली जेसमीन, जिचे दोन दीर गेले, ती अगदी गोड आवाजात म्हणाली, बहिणीचं काळीज आहे, भाऊ आठवणारच. पण जो दारू पिऊन जिवंत राहिला त्याला मेलेल्यांच्या पंगतीला बसवायचं, तेही ज्याच्या जागी तिचाच नवरा गेला त्याला, हे काही आपल्याला समजलं नाही.

मी म्हटलं, गिरणीचा नियम आहे.

मिना म्हणाली, मग नियम मोड. नाहीतर नक्षी दुसऱ्याकडून करून घेऊ.

घरी येताना मला राग कुणाचा आला होता, ते नीट कळेना. जेसमीनचा येणं सोपं होतं. पण ती खोटं कुठे बोलली? तिला जे माहीत आहे तेच बोलली. तिला ते माहीत आहे, कारण तू तसं सांगितलंस आणि मी सांगू दिलं.

सप्टेंबरात कापड मागावर चढायचं आहे. तोवर आकडा पक्का करून द्यायला सांगितलंय. सात लिहिले तर हेक्टर कुरकुर करेल आणि शेवटी भरेल, मी ओळखते त्याला. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. सात लिहिले की गावात जे आहे ते आणखी पंचवीस वर्षं तसंच राहील, आणि तोवर मीही नसेन, तूही नसशील.

इना

२ ऑगस्ट २००४

गिबी,

दोन महिने वाट पाहिली. तू लिहिणार नाहीस हे कळतंय. मग मीच लिहिते. हे आजवर कागदावर आलेलं नाही.

त्या पहाटे मी घर सोडून निघाले होते. गॅलाशिल्सच्या नक्षीच्या शाळेतून मला बोलावणं आलं होतं, एक वर्षाचं. वॉटी म्हणाला, लग्न झालेल्या बाईने रेघा ओढायला दोनशे मैल जायचं, लोक काय म्हणतील. तो वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. त्याने फक्त ते पत्र घडी घालून फळीवर ठेवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. महिनाभर मी ती घडी रोज बघत होते. मग एका पहाटे सुटकेस उचलली. पुढच्या गावच्या थांब्यापर्यंत चालत जायचं, म्हणजे इथल्या कुणाला दिसणार नाही, असा बेत होता.

बोटी सुटेपर्यंत बाईने दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे मला सांगायला हवं होतं का? बोटीकडे निघालेल्याला बाई आडवी आली तर तो पिशवी घेऊन घरी परततो आणि बोटीवर काही वाईट झालं तर बोल त्या बाईला. लॉरीने तर सख्ख्या बहिणीला एकदा उतारावर पाहिलं म्हणून दोन दिवस बोट काढली नव्हती. मला वाटलं होतं, एव्हाना बोटी गेल्या असतील. घड्याळ मागे पडलं होतं की माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, कोण जाणे.

वळणावर तू भिंतीवर बसला होतास, पिशवी पायाशी. मला पाहून उठलास. मी म्हटलं, जा तू, मला पाहिलंच नाहीस असं समज. तू माझ्या हातातून सुटकेस घेतलीस आणि म्हणालास, चल घरी. तोंडाला वास येत होता. पण तो वास तुला एरवीही यायचा आणि त्यापायी तू कधी बोट चुकवली नव्हतीस, म्हणून मी तिकडे लक्षही दिलं नाही. मी आडवी आले म्हणून तू परत फिरलास, एवढंच मला कळलं.

घरी आलो तर दार सताड उघडं आणि वॉटी नाही. त्याची स्वतःची बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलेली होती, त्याला त्या पहाटे कुठे जायचंच नव्हतं. बर्फाच्या कोठीवरच्या म्हाताऱ्याने मला पुढे सांगितलं, तो मरायच्या आधी. वॉटी धक्क्यावर धावत आला आणि विचारलं, इनाला पाहिलंस का. तेवढ्यात लॉरीने बोटीवरून हाक मारली, एक माणूस कमी आहे, येतोस का. वॉटी जरा वेळ उभा राहिला आणि मग चढला. रागाने चढला, की मी परत येईपर्यंत घरात बसवणार नाही म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. दुपारी वारा फिरला आणि पुढचं तुला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळं गाव जमलं असताना कुणीतरी तुला विचारलं, तू कसा राहिलास रे. तू म्हणालास, पिऊन पडलो होतो, उठलोच नाही. मी तुझ्या शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. दोन महिन्यांनी तू निघालास तेव्हा स्टेशनवर मी तुला म्हटलं, तू हे माझ्यासाठी केलंस, मी विसरणार नाही. तू दुसरीकडे बघितलंस आणि गाडीत चढलास.

आणि माझं काय झालं? विधवा म्हणून गिरणीवाल्यांना दया आली, त्यांनी मला नोकरी दिली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच गॅलाशिल्सला त्याच शाळेत पाठवलं. ज्यासाठी घर सोडत होते ते सगळं मला मिळालं, वॉटी मेल्यावर. चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा मिळाली. तुला ‘झोप्या’ मिळालं.

मी त्यांना सांगणार आहे. तुझी परवानगी मागायला लिहिते आहे असं समज हवं तर. पण तू नको म्हणालास तरी थांबेन असं वाटत नाही.

इना

१९ सप्टेंबर २००४

गिबी,

सांगितलं.

समितीचे पाच जण मिनाच्या स्वयंपाकघरात बसले होते. मी उभ्यानेच बोलले, बसले असते तर बोलणं झालं नसतं. सुटकेस, वाट, तू भिंतीवर, वॉटीचं विचारणं, धक्क्यावरचं माझं गप्प बसणं, सगळं. दहा मिनिटंही लागली नाहीत. इतक्या वर्षांचं ओझं दहा मिनिटांत सांगून होतं, याचाच मला संताप आला.

जेसमीन रडायला लागली आणि मग माझ्याकडे न बघता निघून गेली. पाद्रीसाहेब काहीतरी क्षमेबद्दल पुटपुटले.

“पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस तू,” ती म्हणाली.

“बसले.”

“मी त्या पोराला शिव्या दिल्या, इना. रोज. प्रार्थनेत. देवासमोर बसून त्याचं वाटोळं मागितलं मी. आणि तू शेजारी डोळे मिटून आमेन म्हणत होतीस.”



मग तिने निकाल दिला. आठवा दोरा राहील. पण पांढरा नाही, काताच्या रंगाचा. तू जिवंत आहेस, जिवंत माणसाला पांढऱ्यात घालायचं नाही. तो दोरा तुझा, आणि का घातला ते पुस्तकात लिहायचं, की गावाने एका माणसावर अन्याय केला होता. नोव्हेंबरातल्या स्मरणप्रार्थनेला तुला पुढच्या बाकावर बसवायचं. ती स्वतः तुला पत्र लिहिणार आहे, एव्हाना पोचलंही असेल. आणि मला शाल नाही. वॉटीची शाल वॉटीच्या चुलतभावाकडे जाईल. जी नवऱ्याला सोडून निघाली होती तिला त्याची शाल कशाला, असं मिना म्हणाली, आणि ते मला चुकीचंही वाटलं नाही.

गावात दोन दिवसांत पसरलं. म्हाताऱ्यांना नवरा सोडण्याचं काही नाही, त्यांनी दुसरंच धरलं आहे. बाई वाटेत आडवी आली आणि बोट बुडाली, एवढंच त्यांच्या डोक्यात. काल बेकरीत माझ्या मागे उभी असलेली म्हातारी दोन पावलं मागे सरली. मला नवीन टोपणनाव मिळालं, ‘वाटेवरची इना’. आणि गंमत बघ, तुला आता कुणी झोप्या म्हणत नाही. गिबी म्हणतात, नुसतं गिबी. कालपरवापर्यंत ज्यांच्या तोंडी शिवी होती तेच म्हणतात, लहानपणापासून मनाचा मोठा होता हो.

हेक्टरने ताणा भरायला घेतला. सात पांढरे आणि काठाला एक तांबूस, म्हणजे नक्षी आता पांढऱ्यापाशी सरळ वळत नाही, एका बाजूला अडखळते. नक्षीकार म्हणून मला ते बघवत नाही. पण झोप लागते आहे, खूप वर्षांनी. रडूही येतं, पण झोप लागते.

येशील का रे?

इना

३० ऑक्टोबर २००४

गिबी,

तुझं पत्र गुरुवारी आलं. चार पानं. एवढं तू जन्मात कधी लिहिलं नसशील.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कप भिंतीवर फेकला. आईच्या सेटमधला होता, आता पाचच राहिले. मग मी एकटीच स्वयंपाकघरात तुला मोठ्याने शिव्या दिल्या, मिनापेक्षा वाईट. मग पुन्हा वाचलं. आता पाठ झालंय जवळजवळ. तू लिहितोस:

“मी धक्क्यापर्यंत गेलो होतो, इना. लॉरीने जवळ बोलावून माझं तोंड हुंगलं आणि म्हणाला, असल्या अवस्थेत माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही, जा वर. मी खाली जात नव्हतो, वर येत होतो. भिंतीवर रडत बसलो होतो तेवढ्यात तू आलीस. तू आडवी आलीस म्हणून नाही परत फिरलो मी. लॉरीने हाकललं म्हणून त्याला माणूस कमी पडला.”

आणि पुढे: “स्टेशनवर तू म्हणालीस, माझ्यासाठी केलंस. त्या गावात माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं ते एकच वाक्य होतं. मला ते खोडवलं नाही. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही, ते त्या वाक्यापायीच. आता मिनाचं पत्र आलंय, मला थोर म्हणते. मी तिला खरं लिहितो. तू फक्त हो म्हण.”

मी दोन दिवस हो म्हणायचं ठरवत होते. म्हटलं, लिही. कळू दे सगळ्यांना. बेकरीतली म्हातारी परत माझ्यामागे उभी राहील. पंचवीस वर्षं मी भावाला वाटेतून परत फिरवलं आणि नवऱ्याला त्याच्या जागी धाडलं असं समजून जगले, आणि इकडे तू साध्या दारूपायी राहिला होतास, आणि तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक कार्ड टाकायचं होतंस रे. एक ओळ. मला त्याचा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही, हे तुला कळलेलं बरं.

पण तुझं पत्र सगळंच धुऊन नेत नाही. वॉटी धक्क्यावर मलाच शोधत आला होता. मी घरात असते तर तो अंथरुणात असता आणि लॉरी एक माणूस कमी घेऊनच गेला असता. तेवढं माझं आहे, ते तुझ्या चार पानांत बसत नाही.

काल मिना गिरणीत आली होती. कापड उतरलं आहे, साठ वार. माझ्याशी बोलायला नव्हती आली, कापड बघायला आली होती. तिने तो तांबूस दोरा बोटाने शोधून काढला आणि त्यावरून बोट फिरवत राहिली. मग हेक्टरला म्हणाली, पण आवाज मला ऐकू येईल एवढा होता: आता रोज त्याचं नाव घेते मी, सांभाळ म्हणून, आणि घशात काही अडकत नाही. तिने नवरा घालवला आणि दोन मुलगे घालवले, गिबी, आणि त्यावर पंचवीस वर्षं शाप देण्यात घालवली. त्र्याहत्तराव्या वर्षी ते सुटलं. आता तू लिहिलंस, की माणूस लॉरीनेच हाकलला आणि तरीही बोट काढायचीच म्हणून धक्क्यावरून भेटेल त्याला हाक मारली, तर ती काय करेल? पुन्हा तुला शाप देईल, की या वेळी लॉरीला? मला दोन्ही बघायचं नाही.

तेव्हा माझं उत्तर नाही. मिनाला काही लिहू नकोस. चौदा नोव्हेंबरला प्रार्थनेला ये, तुझ्या नावाने लोक जे चांगलं बोलतील ते खाली मान घालून ऐकून घे आणि गप्प बस. अवघड जाईल, पण त्याने माणूस मरत नाही, माझ्याकडे बघ. आणि पुन्हा पिऊ नकोस, या सगळ्यानंतर प्यायलास तर मी तुला समुद्रात ढकलेन.

तुझं पत्र मी शेगडीत घातलं. मला वाटत होतं, पंचवीस वर्षं माझ्या वाट्याचा बोल तू स्वतःवर घेतलास. तू तसं काही केलं नव्हतंस. आता तुझ्या वाट्याचा बोल मी घेते आहे, आणि मला सगळं माहीत असून घेते आहे.

मी अगदी मागच्या बाकावर असेन. वळून बघू नकोस.

इना